नैराश्याची कारणं : सर्पगंधा ते सेरोटोनिन आणि पुढे

‘मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झालं की नैराश्य येतं’ हे आता घराघरांत बोललं जातं. या समजाचा माग काढत गेलं, तर रक्तदाबाच्या एका औषधामार्गे आपण मुंबईत पोहोचतो.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे झोपेसाठी आणि वेडावर पूर्वापार दिली जाई. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. जगाचं लक्ष त्यानंतर या वनस्पतीकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं. गोळ्या सर्वदूर गेल्या आणि त्या घेणाऱ्यांपैकी काही जण खोल उदासीत जात असल्याच्या नोंदी येऊ लागल्या. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलं, की रेसर्पिनमुळे शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो.

त्याच सुमारास क्षयरोग्यांच्या बाबतीत उलटं घडत होतं. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड हे क्षयावरचं औषध दिलेले रुग्ण उत्साही झाले, त्यांची भूक वाढली. हे औषध सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचं विघटन रोखतं. स्वित्झर्लंडमध्येच मानसोपचारतज्ज्ञ रोलंड कून यांना इमिप्रामीन या औषधाचा नैराश्यावरचा गुण दिसला. तो त्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला.

एका औषधाने द्रव्य घटलं आणि माणूस खचला, दुसऱ्याने वाढलं आणि माणूस सावरला. यावरून मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ शिल्डक्राउट यांनी १९६५ मध्ये नॉरएपिनेफ्रिन या मेंदूतल्या दुसऱ्या द्रव्यावर बोट ठेवलं, तर अ‍ॅलेक कॉपन यांनी १९६७ मध्ये सेरोटोनिनवर. आपली मांडणी म्हणजे एका गुंतागुंतीच्या अवस्थेचं फार तर अतिसुलभीकरण आहे, असं शिल्डक्राउट यांनी स्वतःच लिहिलं होतं. ही सावधगिरी पुढे गळाली. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत सेरोटोनिनवर काम करणाऱ्या फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीला मान्यता मिळाली आणि ‘रासायनिक असंतुलन’ हे शब्द जाहिरातींतून लोकांच्या तोंडी बसले.

मला इथे १९५५ चाच आणखी एक प्रयोग महत्त्वाचा वाटतो. लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त व उदास रुग्णांना रेसर्पिन दिलं आणि त्यांना चक्क बरं वाटलं. सोयीच्या कथेत न बसणारा हा निकाल मागे पडला. औषध शरीरात काय करतं आणि आजार मुळात का होतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत तेव्हापासून चालत आली आहे. नैराश्याच्या रुग्णांत सेरोटोनिन कमी असल्याचा सुसंगत पुरावा सापडत नाही, असा निष्कर्ष २०२२ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्याने काढला. त्यातून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांच्या विश्लेषणात तपासलेली नैराश्यावरची सगळी २१ औषधं, औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली होती. वरचा निष्कर्ष वाचून कोणी आपल्या मनाने गोळी थांबवू नये. ती अचानक सोडल्यास त्रास होतो.

आनुवंशिकतेचा वाटा आहेच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो सुमारे ३७ टक्के धरला जातो, पण नैराश्याचं असं एकच जनुक नाही.

उरलेलं बरंचसं आयुष्यात शोधावं लागतं. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकारी टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनमधल्या कँबरवेलच्या बायकांशी तपशिलात बोलून १९७८ मध्ये आपलं संशोधन मांडलं. मोठा आघात बसला तरी प्रत्येकजण कोलमडत नव्हती. मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं, घरात तीन किंवा जास्त लहान मुलं, बाहेर नोकरी नसणं, अकराव्या वर्षाआधी आई जाणं, अशा परिस्थितीत धोका वाढत होता.

गोव्यातला अभ्यास आपल्या अंगणातला आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे गरोदर बायकांचा बाळंतपणानंतरही पाठपुरावा केला. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २५२ पैकी ५९ जणींना नैराश्य होतं. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांचा त्याच्याशी संबंध दिसला. नवऱ्याची मारहाण आणि उपासमार यांचा परिणाम मुलगा झाला की मुलगी, यानुसारही बदलत होता. अशा बाईला केवळ मेंदूतल्या रसायनाचं कारण सांगणं मला अपुरंच नव्हे, अन्यायाचंही वाटतं.

गोव्यातच पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी बऱ्यापैकी ते अतिशय तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलून, त्यांना रोजच्या कामांत आणि माणसांत परत आणण्याचा उपचार केला. २०१७ मध्ये निकाल आले : तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर पडले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.