किंडरगार्टन आणि माँटेसरी : ठोकळे तेच, वर्ग निराळे

शाळेच्या गेटवर 'माँटेसरी' अशी पाटी आणि आत मूल 'ज्युनियर केजी'त. आमच्याकडच्या कितीतरी मिशन शाळांत असेच आहे आणि कुणाला ते खटकतही नाही. दोन्हीकडे लाकडी ठोकळे, बुटक्या खुर्च्या, भिंतीवर खांद्यावर कोकरू घेतलेला येशू. पण केजी म्हणजे किंडरगार्टन, ते फ्रोबेलचे. माँटेसरी मारिया माँटेसरीबाईंची. दोहोंच्या सुरुवातीत सत्तर वर्षांचे अंतर आहे, आणि सारख्याच दिसणाऱ्या ठोकळ्यांकडून दोघांना अगदी वेगळे काम हवे आहे.

फ्रेडरिक फ्रोबेल जर्मनीतल्या एका ल्यूथरन पाळकाचा मुलगा. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'मुलांची बाग' या अर्थाचे नाव दिले. त्याच्या साधनांना देणग्या म्हणतात. पहिली देणगी लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी गोल, दंडगोल आणि घन. तिसरी म्हणजे आठ छोट्या घनांचा मिळून झालेला एक घन. या आठांची खुर्ची होते, विहीर होते, देऊळ होते, आणि खेळ संपला की ते पुन्हा एक घन होऊन पेटीत जातात. असे एकसंध परत जाणे फ्रोबेलला फार महत्त्वाचे वाटे. सगळ्या सृष्टीत देवाचे एकत्व आहे, ही त्याची श्रद्धा मुलाच्या बोटांना कळावी म्हणून. रिंगण धरून म्हटलेली गाणीही त्यातूनच आली. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना फिलाडेल्फियात ही पद्धत शिकून घेतली होती. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते त्यानंतर.

माँटेसरीबाई पेशाने डॉक्टर, धर्माने कॅथलिक. त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झाले. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यातही घनच आहेत : दहा, सर्वात मोठा दहा सेंटिमीटरचा, सर्वात धाकटा एकाचा. पण त्यांची विहीर करायची नसते. लहानमोठेपणा डोळ्यांनी आणि हातांनी ओळखायचा, एवढेच त्याचे काम. खाचांत बसवायच्या दंडगोलांचेही तसेच. एक चुकला की शेवटी एक उरतो, आणि मुलाला आपली चूक बाईंनी न सांगता दिसते. (१९३९ मध्ये त्या भारतात आल्या तेव्हा मुक्काम मद्रासजवळ अड्यारला होता. पण इटली युद्धात उतरल्यावर ब्रिटिशांनी त्यांचा मुलगा मारिओ याला आमच्या नगरच्या छावणीत डांबले होते. नगरच्या केजीच्या बाईंना हे सांगितले की त्या एकदम जवळीक दाखवतात.)

फ्रोबेल म्हणजे मोकळे खेळणे आणि माँटेसरी म्हणजे शिस्त, हा समज सगळीकडे ऐकू येतो आणि तो अर्धाच खरा आहे. फ्रोबेलच्या वर्गात शिक्षिका बोलत बोलत रचना दाखवते आणि सगळी मुले एकाच वेळी ठोकळे हलवतात. माँटेसरीच्या वर्गात कोणते साधन घ्यायचे, किती वेळ घेऊन बसायचे, हे मूल ठरवते. मात्र साधन हाती घेतले की ते वापरायची रीत ठरलेली. कल्पनेचा खेळ फ्रोबेलला हवा असतो, बोटांची कबुतरे व्हावीत असे त्याला वाटते. माँटेसरीबाईंना लहान वयात आधी खरी वस्तू हवी : खरा पेला, खरे पाणी, सांडले तर पुसायला खरे फडके.

ख्रिस्ती वर्गात हा फरक सर्वात स्पष्ट दिसतो तो बायबलच्या तासाला. हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, घ्या. फ्रोबेलच्या वळणाने शिकवायचे तर रिंगण धरायचे. एक मूल मेंढपाळ, एक हरवलेले, बाकीचे कळप. कपाटामागे लपलेले मेंढरू सापडले की सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. आनंद एकत्र, आवाजही एकत्र. माँटेसरीच्या वाटेवर मात्र सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी १९५४ मध्ये रोममध्ये वेगळेच काम उभे केले. लाकडाचा छोटा मेंढपाळ, काही मेंढरे, एक मेंढवाडा. बाई शुभवर्तमानातले शब्द हळू वाचतात, मेंढरे हलवतात, आणि तात्पर्य सांगत नाहीत. 'ही मेंढरे कोण असतील बरं?' एवढे विचारून थांबतात. उत्तर त्याच दिवशी आले पाहिजे असे नाही. नंतर ज्याला हवे ते मूल एकटेच चटईवर ती मेंढरे घेऊन बसते.

मी दोन्ही वापरते. पण एकाच वेळी नाही, आणि हे मला चुकूनच कळले. सुरुवातीला मुले साधनांवर बसली असताना मी कडेला गाणे सुरू करायचे. वर्ग आनंदी दिसायचा, पण ज्याचा मनोरा सातव्या घनापर्यंत आला होता तो उठून नाचू लागायचा आणि परत चटईकडे फिरकायचा नाही. उलट गुलाबी मनोऱ्याचा गोठा करू दिला, तर दुसऱ्या दिवशी लहानमोठे कुणी लावतच नव्हते, सगळे गोठेच. म्हणून ठोकळे वेगळे ठेवले : रचायचे ठोकळे एका पेटीत, मनोरा फळीवर. सकाळी शाळा भरल्यावर पहिला दीड तास घंटा नाही, गाणे नाही, मी खालच्या आवाजात. मूळ पद्धतीत तीन तास सलग असतात. पन्नास मुलांच्या वर्गाला आणि एकच्या रिक्षाला ते झेपत नाही. मग डबा, आणि डब्यानंतर रिंगण.

दाखल्याला आधी लाकडी मेंढरे, आठवड्याने नाटक. उलट क्रम करून पाहिला तर मुले लाकडी मेंढरांनाही कपाटामागे लपवू लागली. मेंढरे गावच्या सुताराने उरलेल्या बाभळीच्या लाकडातून केली आहेत, त्यातल्या दोघांचे पाय आखूड आहेत.

परवा सीनियरची एक मुलगी आखूड पायाचे मेंढरू सगळ्यात शेवटी मेंढवाड्यात ठेवत होती, दार लावत होती, परत काढत होती. सातआठदा झाले असेल. रिंगणाची वेळ झाली होती. मी टाळी वाजवली नाही, बाकीच्यांना बाहेर व्हरांड्यात नेले.