चक्कीचा पट्टा आणि सहाशे घोड्यांची गाडी

आमच्या गावच्या चक्कीवर कुणी घाईत पायलीभर ज्वारी एकदम ओतली, की आधी पट्टा किंचाळतो, मग रबर करपल्याचा वास सुटतो आणि शेवटी चक्कीवाल्या काकू आतून ओरडतात. मोटर जोरात फिरत असते, दगड मात्र मंदावलेला असतो. मोटरची ताकद जाते कुठे? पट्ट्यात. तिथे तिची उष्णता होते आणि ती उष्णता पट्टा खाते. गेल्या मे महिन्यात फाट्यावर जे पाहिलं ते हेच होतं, फक्त चक्कीऐवजी गाडी होती आणि पट्टा लोखंडी पेटीत बंद होता.

कारंज्याच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्ग सोडून ती गाडी कशीबशी आमच्या फाट्यापर्यंत आली. बुटकी, रुंद टायरांची, जुन्या जपानी घडणीची स्पोर्ट्स गाडी. सोबतच्या पोराने मोठ्या कौतुकाने सांगितलं, की टर्बो मोठा टाकलाय, इंजेक्टर बदललेत, आता सहाशे हॉर्सपॉवर निघतात. महामार्गावर मर्यादा ताशी १२० किलोमीटर, तेव्हा सहाशे घोडे नेमके कशासाठी, हे मी विचारलं नाही. तक्रार अशी, की ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा वर पळतो, गाडी मात्र उचल घेत नाही. ट्रॅक्टर आणि थ्रेशर दुरुस्त करणाऱ्या आमच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढली, नाकाशी धरली आणि म्हणाला, "इंजिन तं वाघ हाय भाऊ, पण पेटीतल्या पलेटी जयल्या. पाह्य न, तेल कसं कायं पडलं!" लालसर असायला हवं ते तेल काळपट झालं होतं आणि त्याला करपलेल्या भाकरीसारखा वास होता.

इतका ताकदवान गिअरबॉक्स जळतो कसा? त्यासाठी पेटीत डोकावावं लागेल.

क्लचचं पेडल नसलेल्या या गाड्यांत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचं एक गोल भांडं असतं. उन्हाळ्यात एक कूलर चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद कूलर ठेवा; चालू पंख्याच्या वाऱ्याने बंद पंखाही हळूहळू फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिनाला जोडलेलं एक पातं तेल फेकतं, गिअरला जोडलेलं दुसरं ते झेलून फिरतं. मध्ये स्टेटर नावाचं तिसरं पातं परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून ते पुन्हा कामाला लावतं, त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ जवळपास दुपटीने वाढून पुढे जातो. ही कल्पना मोटारींसाठी जन्मली नाही. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, टर्बाइनची ताकद पंख्यापर्यंत नेण्याकरता. मोटारीत तेलातून ताकद देणारी पहिली यशस्वी ऑटोमॅटिक पेटी म्हणजे जनरल मोटर्सची हायड्रा-मॅटिक. ती १९४० च्या मॉडेलांसाठी १९३९ मध्ये आली. तिच्यात पीळ वाढवणारा स्टेटर नव्हता, नुसता तेलाचा दुवा होता. तीच पेटी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसवली गेली. म्हणजे 'ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक' ही समजूत जन्मापासूनच चुकीची.

कन्व्हर्टरच्या मागे गिअर असतात, तेही वेगळ्या बांधणीचे. मध्ये सूर्य, भोवती तीन-चार ग्रह आणि बाहेरून आतल्या दातांचं कडं. मोठ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाजवळची रिडक्शनची चक्रं पाहिली असतील, तर बांधणी तीच. भार एका जागी न येता सगळ्या ग्रहांत वाटला जातो, म्हणून हे दात सहसा तुटत नाहीत. गिअर बदलायचा म्हणजे यातलं एक चक्र धरायचं किंवा सोडायचं. हे धरणं-सोडणं करतात क्लचच्या चकत्या. एकीआड एक रचलेल्या, एक नुसती पोलादाची, पुढची दोन्ही बाजूंनी अस्तर लावलेली, सगळ्या तेलात बुडालेल्या. तेलाच्या दाबाने पिस्टन त्यांना एकमेकींवर आवळतो.

ते अस्तर चक्क कागदाचं असतं. लाकडाचा लगदा किंवा कापसाचे तंतू, त्यात अ‍ॅरामिडसारखे उष्णता सोसणारे धागे, आणि सगळं रेझिनमध्ये भिजवून भाजलेलं. जाडी मिलिमीटरच्या आसपास. आमच्या भागातल्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल, की सहाशे घोड्यांचा लगाम शेवटी कापसाच्या जातीच्या कागदाच्या हाती असतो. कागद सच्छिद्र असतो, तेल पितो आणि दाबलं की सोडतो, म्हणून पकड हळुवार बसते. तेलाच्या अंघोळीत तो लाखो वेळा काम करतो. पण जास्त वेळ घासला गेला तर तेही कागदच, करपतं.

आता खरा हिशेब. क्लच किती पीळ धरू शकतो, हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षण, घासणाऱ्या पृष्ठांची संख्या, आवळण्याचा जोर आणि चकतीची त्रिज्या. पीळ म्हणजे टॉर्क. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला डीएपीची ५० किलोची गोणी टांगली, तर नटावर साधारण ५०० न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. समजा आपल्या पेटीतला क्लच बरोबर इतकाच धरू शकतो आणि कंपनीचं मूळ इंजिन ४०० न्यूटन-मीटर देतं. वरचा गिअर पडताना इंजिनाचा वेग, समजा, १५०० आरपीएमने खाली यायला हवा. तो खाली ओढतो क्लचच. पण त्याच्या ५०० पैकी ४०० तर इंजिनाचा चालू जोर पेलण्यातच जातात. फिरत्या इंजिनाला आवरायला उरतात १००. तेवढ्यात काम ०.३ सेकंदात उरकतं असं धरू.

आता इंजिनातून थोडीशीच जास्त ताकद काढली, ४०० ची ४९० केली. वाढ बावीस-तेवीस टक्क्यांची. क्लचची क्षमता अजूनही जास्त आहे, म्हणून मालकाला वाटतं, चाललं. पण उरले किती? १०. इंजिनाला आवरायला आता दहापट वेळ लागणार, म्हणजे पूर्ण तीन सेकंद चकत्या एकमेकींवर घासत राहणार. पहिल्या वेळी एका गिअरबदलात साधारण १२ किलोज्यूल उष्णता निघत होती. तेवढ्यात चहाचे दोन-तीन घोट पाणी तापतं. दुसऱ्या वेळी १२० च्या घरात, म्हणजे जवळपास अर्धा लिटर पाणी ३० अंशांवरून ९० वर नेण्याइतकी. आणि ती सारी त्या मिलिमीटरभर कागदाच्या तोंडावर. इंजिनाने ५०० ओलांडले, की क्लच कधी बसतच नाही. काटा वर पळतो, गाडी जागीच रेंगाळते. फाट्यावरच्या पोराची तक्रार शब्दशः हीच होती.

मला या विषयात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे. ताकद हळूहळू, पायरीपायरीने वाढत असते, पण झीज तशी वाढत नाही. शिल्लक संपत येते तसतशी ती उसळी मारते. म्हणून अशा गाड्यांचे मालक सांगतात, 'सहा महिने काही झालं नाही, मग एका दिवसात गेली.' एका दिवसात नव्हती गेली. अस्तर थोडं झिजलं, घर्षण थोडं उतरलं, शिल्लक आणखी घटली, घासणं आणखी वाढलं. कर्जावरच्या व्याजासारखं.

यात आणखी एक भानगड आहे, ती संगणकाची. आजच्या गाडीत इंजिनाचा संगणक पेटीच्या संगणकाला सतत कळवत असतो, की मी आत्ता इतका टॉर्क देतोय. त्यावरून पेटी ठरवते, चकत्या किती दाबाने आवळायच्या. गिअर बदलताना ती इंजिनाला क्षणभर जोर कमी करायलाही सांगते. ठिणगी जराशी उशिरा पाडून इंजिन तसं करतं. पण ट्यूनिंग करणाऱ्याने इंधन आणि टर्बोचे आकडे बदलले आणि टॉर्कचा हिशेब जुनाच ठेवला, तर? वीस क्विंटल कापूस भरलेल्या गाडीची पावती बारा क्विंटलची फाडल्यासारखं होतं. पेटी बारा क्विंटलच्या तयारीने आवळते, वर वीस येऊन पडतात. पेटीची ताकद शिल्लक असूनही ती वापरली जात नाही. अशा वेळी दोष पेटीचा म्हणायचा का? मी तरी म्हणणार नाही.

गाडी जागेवरून उडवण्याचा शौकही महागात पडतो. एका पायाने ब्रेक, दुसऱ्याने ॲक्सिलरेटर, गाडी थांबलेली. इंजिन १०० किलोवॉट देत असेल आणि चाक फिरत नसेल, तर ते सगळे १०० किलोवॉट कन्व्हर्टरमधलं तेल घुसळण्यात जातात. पेटीत आठ-नऊ लिटर तेल धरलं, तर ते सेकंदाला सहाएक अंशांनी तापतं. पाच सेकंदांत तीस अंश. प्रत्यक्षात आधी कन्व्हर्टरमधलं थोडं तेलच हा मार खातं, म्हणून तिथे आकडा याहून भयंकर असतो. त्यात स्टेटरने दुप्पट केलेला पीळ एकदम शाफ्टवर येतो. शंकरपटात झेंडा पडताच जोडी उसळते तेव्हा सगळ्यात जास्त ताण जुवावर आणि शिवळांवर येतो, हे कोणताही धुरकरी सांगेल.

आणि मग आपला उन्हाळा. पेटीतलं तेल नळीने पुढे नेऊन जाळीत गार करतात. जाळीतून किती उष्णता बाहेर जाईल, हे मुख्यतः तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. तेल ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ७०. आमच्याकडे मे महिन्यात हवाच ४६ वर, तेव्हा फरक उरतो ४९. तीच जाळी, तोच वेग, पण बाहेर जाणारी उष्णता तीस टक्के कमी. डांबर आणि काँक्रीटवरची हवा तर सावलीतल्या आकड्यापेक्षा तापलेली असते. तेलाबाबत जुना ठोकताळा असा, की दर दहा अंशांमागे त्याचं ऑक्सिडीकरण दुप्पट होतं. ९० ऐवजी १२० अंशांवर चालवलं, तर तेल आठपट वेगाने म्हातारं होतं. थंड मुलखात ठरवलेली जाळी वऱ्हाडात पुरेल, ही आशा फार धाडसाची.

उपाय आहेत, आणि चक्कीवाल्या काकूंना ते सगळे तत्त्वतः ठाऊक आहेत. पट्टा आवळायचा, म्हणजे तेलाचा दाब वाढवायचा. पण फार आवळलं तर बेअरिंग जातं, तसं इथे गिअर धाडकन पडतो आणि तो धक्का शाफ्टला बसतो. कंपनीने गिअरबदल मऊ ठेवला तो प्रवाशाच्या पाठीसाठी. त्याची किंमत थोड्या घासण्याने चुकवली जाते. दुसरा उपाय चकत्या वाढवणं. सहा घासणाऱ्या पृष्ठांची आठ केली, की त्याच दाबात क्षमता एक तृतीयांशाने वाढते. जाळी मोठी, शाफ्ट चिवट पोलादाचा, कन्व्हर्टर आतल्या दाबाने फुगू नये म्हणून जाड पत्र्याचा, हे ओघाने आलंच.

अमेरिकेतल्या सरळ पट्ट्यावरच्या शर्यतींत अजूनही शेवरलेची पॉवरग्लाइड पेटी आवडीने वापरतात. १९५० सालची रचना, १९७३ मध्ये मोटारींतून बंद, आणि गिअर फक्त दोन. बदल एकदाच, म्हणजे घासणंही एकदाच. दुसऱ्या टोकाला २००९ मध्ये आलेली झेडएफ कंपनीची आठ गिअरची पेटी. क्लच आणि ब्रेक मिळून फक्त पाच, आणि कोणत्याही गिअरमध्ये त्यातले दोनच मोकळे, त्यामुळे तेलात फुकट घासणं कमी. तिच्या नावातच तिची कुवत लिहिलेली असते: ८एचपी४५ म्हणजे ४५० न्यूटन-मीटरच्या आसपास, ८एचपी७० म्हणजे ७००. नावातलं एचपी हॉर्सपॉवरचं नव्हे. हॉर्सपॉवरचा आकडा नावात कुठेच नाही, कारण क्लचला घोडे कळत नाहीत, पीळ कळतो. तेच सहाशे हॉर्सपॉवर ६००० आरपीएमला काढले तर सातशेच्या वर न्यूटन-मीटर लागतात, ८००० ला काढले तर साडेपाचशेच्या आत भागतं.

तेलाबद्दल एक आडवळण. या लाल तेलाचं काम फक्त वंगणाचं नसतं. कागद आणि पोलाद यांत नेमकं किती घर्षण राहावं, हे त्यातली रसायनं ठरवतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी स्पर्म व्हेलचं तेल वापरलं जाई. व्हेलच्या संरक्षणाचे कायदे आले आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधताना घाम फुटला. भलतं तेल घातलं तर घर्षणाचा हा हिशेबच बिघडतो. म्हणूनच मिस्त्रीकडे ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा भरलेला असताना आणि पोरगा "थोडं टाकून द्या, नागपूरपर्यंत जाऊ" म्हणत असताना, मिस्त्रीने झाकण उघडलं नाही.

रात्री आठला नागपूरहून गाडी उचलून न्यायला ट्रक आला. महिन्याभराने त्या पोराने पेटी उघडल्याचे फोटो माझ्या मोबाइलवर पाठवले. वरच्या गिअरच्या क्लचच्या चकत्यांवर अस्तर जवळपास नव्हतंच, पोलादी चकत्यांवर निळे-काळे डाग पडले होते. मी फोन मिस्त्रीला दिला. त्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, चकत्यांवरून पुढे सरकला आणि मागे धुवून ठेवलेल्या सूर्य-ग्रहांच्या जोडणीवर थांबला. बराच वेळ दात मोजल्यासारखं पाहत राहिला.

"दात तं सारे शाबूत हाय," म्हणाला, आणि थ्रेशरचा पट्टा चढवायला वळला.