हेलिकॉप्टर हा शब्द नेमका कुठे तोडायचा?
हेलिकॉप्टर म्हटलं की आपण सहज हेली आणि कॉप्टर असे दोन तुकडे करतो, पण खरा जोड तिथे नाहीच. १८६१ मधे पाँतॉन दामेकूर या फ्रेंच माणसाने हा शब्द बनवला तो दोन ग्रीक शब्द घेऊन, हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं फिरणारं आणि प्टेरॉन म्हणजे पंख. अर्थाने तोडायचा तर हेलिको आणि प्टर. मग जीभ भलतीकडेच का तोडते? कारण इंग्लिशमधे कुठलंच सिलॅबल, म्हणजे उच्चाराचा तुकडा, प आणि ट च्या जोडीने सुरू होत नाही, त्यामुळे प मागच्या तुकड्याला चिकटतो आणि ट पुढच्या, हे-लि-कॉप-टर. टेरोडॅक्टिल या उडणाऱ्या प्राचीन सरीसृपाच्या नावातही हाच पंख आहे, पण तिथे तो अगदी सुरुवातीला येतो, प ला मागे सरकायला जागाच नाही, म्हणून तो स्पेलिंगमधे राहिला आणि उच्चारातून गेला. मला हे फार सुंदर वाटतं!

पुढे लोकांनी कानाला जाणवलं तिथेच शब्द कापला आणि हेलिपॅड, हेलिपोर्ट तयार झाले. बर्गरचंही तेच, जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या नावाला अर लागून हॅम्बर्गर झालं होतं, लोकांनी त्यातून हॅम वेगळं काढलं आणि बर्गर सुटा झाला.

म्हणजे सिलॅबल हा उच्चाराचा तुकडा आणि मॉर्फीम, मराठीत रूपिम, हा अर्थाचा सगळ्यात छोटा तुकडा, आणि दोघांच्या सीमा जुळतीलच असं नाही. फोटोग्राफी म्हणजे प्रकाश आणि लेखन, पण इंग्लिश माणूस बोलताना जोर दुसऱ्या सिलॅबलवर देतो आणि ते फ-टॉग-र-फी असं काहीतरी ऐकू येतं, अर्थाचा जोड पार झाकला जातो.

म्हणून मुलांना लांब शब्द शिकवताना नुसते सिलॅबल पाडून घोकून घेऊ नका, उच्चारासाठी ते हवेतच पण अर्थ त्यातून कळत नाही. ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी बघून घाबरायला होतं, पण ओटो म्हणजे कान, रायनो म्हणजे नाक (गेंड्याला रायनोसरस म्हणतात ते नाकावरच्या शिंगामुळेच), लॅरिंगो म्हणजे स्वरयंत्र आणि लॉजी म्हणजे शास्त्र, झालं की कान-नाक-घसा! आता आयटिस म्हणजे दाह एवढं एकच लक्षात ठेवलं तर डॉक्टरांच्या कागदावरचं ओटायटिस आणि रायनायटिस कुणाला न विचारता कळतं.