कार्यालयीन उमेदवारी

व्यवसाय प्रशासनाचे शिक्षण प्रत्यक्ष कार्यालयात काम करीत घेण्याची पद्धत. पत्रव्यवहार, आवक-जावक नोंदी, बैठकीची कार्यसूची व इतिवृत्त, दप्तर, खरेदीची बिले ही कामे शिकणारा अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली करतो आणि अखेरीस त्याला मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळते. पदवीच्या विद्यार्थ्याने काही आठवडे कंपनीत काढणे यात मोडत नाही. येथे मुख्य शाळा कार्यालय हीच असते, वर्ग तिच्या जोडीला असतो. ‘उमेदवार’ हा शब्द फार्सी ‘उमेद’, म्हणजे आशा, यावरून आला. पुढे जागा मिळेल या आशेने काम शिकणारा, हा त्याचा जुना अर्थ या पद्धतीला नेमका लागू पडतो.

उगम : याविषयी एकमत नाही. एक मत ही पद्धत मध्ययुगीन यूरोपातील कारागीर-संघांच्या उमेदवारीतून आली असे मानते. इंग्लंडच्या 1563 च्या कारागीर कायद्याने किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. ही सक्ती 1814 मध्ये उठली. त्या कायद्यात व्यापाऱ्यांच्या उमेदवारांचाही विचार होता, हा या मताचा मुख्य आधार. दुसरे मत तिचे मूळ व्यापारी पेढ्यांत शोधते. हान्झा (उत्तर जर्मन व्यापारी शहरांचा संघ) व्यापाऱ्यांच्या नॉर्वेतील बर्गेन येथील वखारीत, साधारणतः चौदाव्या शतकाच्या मध्यापासून, जर्मन मुले कामाला राहून व्यापार शिकत. व्हेनिसमधील जर्मन वखारीतही दक्षिण जर्मन घराणी आपली मुले धाडीत. ऑग्सबुर्गचा धनाढ्य व्यापारी व सावकार याकोप फुगर तेथे केव्हा गेला याविषयी 1478 हे वर्ष पूर्वी दिले जाई. आता 1473 किंवा त्याआधीचा काळ अधिक ग्राह्य धरतात.

दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. कारागीर उमेदवारीअखेर स्वतःच्या हातची वस्तू मांडून कसब सिद्ध करी. पेढीतल्या मुलाजवळ मांडायला वस्तू नसे. त्याने लिहिलेली वही आणि पत्र हाच त्याचा पुरावा. फुगर पेढीचा हिशेबनीस माटेउस श्वार्त्स याची साक्ष येथे मोलाची आहे. इटलीत हिशेब शिकून ऑग्सबुर्गला परतल्यावर आपल्याला फारच थोडे येते हे त्याला उमगले आणि खरे शिक्षण फुगरच्या पेढीत झाले. त्याने हिशेबपद्धतीवर 1518 च्या सुमारास लिहिलेले हस्तलिखित याच अनुभवातून आले. प्रस्तुत पद्धतीचे सारे समर्थन या एका अनुभवात सामावलेले आहे.

आधुनिक रूप : कामाला जोड-शाळेची बैठक देण्याचे श्रेय बव्हंशी म्यूनिकचे शिक्षणाधिकारी गेओर्ग केर्शनश्टायनर यांना दिले जाते. त्यांनी 1900 नंतर तेथील पूरक शाळांची व्यवसायवार पुनर्रचना केली. जर्मनीत 1969 च्या व्यवसाय-प्रशिक्षण कायद्याने ही दुहेरी पद्धत देशभर एका चौकटीत आणली. तेथील कार्यालयीन कामाचे तीन जुने व्यवसाय 1 ऑगस्ट 2014 पासून ‘कार्यालय व्यवस्थापन’ या तीन वर्षांच्या एकाच अभ्यासक्रमात विलीन झाले. उमेदवार दहा ऐच्छिक विषयांतून दोन निवडतो व प्रत्येकास पाच महिने देतो. परीक्षा दोन टप्प्यांत असते. पहिल्या टप्प्यात संगणकावरील कार्यालयीन कामाला 25 टक्के. दुसऱ्यात ग्राहक-व्यवहाराला 30, ऐच्छिक विषयावरील तोंडी परीक्षेला 35 आणि अर्थ-समाजशास्त्राला 10 टक्के भार आहे. सर्वाधिक भार स्वतःच्या कामाविषयी बोलण्याला आहे, हे लक्षणीय.

इंग्लंडने वेगळा मार्ग धरला. 1986 मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक अर्हता परिषद स्थापन झाली आणि किती वर्षे शिकला यापेक्षा काय करून दाखवता येते यावर प्रमाणपत्र देण्याचे तत्त्व आले.

पुराव्याचा प्रश्न : वरील तत्त्वाची कसोटी कार्यालयीन कामात लागते. इतिवृत्ताचेच पाहा. उमेदवार अंतिम प्रत धारिकेत, म्हणजे पुरावा म्हणून जमवलेल्या आपल्या कामाच्या कागदांच्या संग्रहात, लावतो, पण तिच्यावरून त्याचे कसब कळत नाही. ती वरिष्ठांनी दुरुस्त केलेली असू शकते. बैठकीत घाईने घेतलेली टिपणे, पहिला मसुदा, लाल शाईतल्या दुरुस्त्या आणि मग अंतिम प्रत असा क्रम लागला, तरच शिकणे दिसते. चर्चेतले काय गाळले आणि ठराव कोणत्या शब्दांत बांधला, हे परीक्षक विचारतो तेव्हा खरी परीक्षा होते. म्हणून धारिकेला प्रत्यक्ष निरीक्षण, सहकाऱ्याची लेखी साक्ष व तोंडी चर्चा यांची जोड देतात. गोपनीय कागदांतील नावे झाकून लावावी लागतात किंवा परीक्षक ते कार्यालयातच पाहून तशी नोंद करतो.

नुसत्या कागदांच्या राशीला प्रमाणपत्र मिळते, ही या पद्धतीवरील जुनी टीका आहे आणि ती निराधार नाही. इंग्लंडमधील व्यवसाय प्रशासकाच्या तिसऱ्या स्तरावरील उमेदवारीत पुढे अखेरचे स्वतंत्र मूल्यमापन आले. त्यात ज्ञानचाचणी, धारिकेवर आधारित मुलाखत आणि कार्यालयातील एखादी कार्यपद्धती सुधारण्याच्या प्रकल्पाचे सादरीकरण असे तीन भाग ठेवले गेले, आणि ते घेणारा परीक्षक उमेदवाराच्या प्रशिक्षणाशी संबंध नसलेला असावा, अशी अट घातली गेली.