आडवा हात मारणं आणि खा खा सुटणं

चवथीच्या दुपारी आमच्या घरी पंधरा-वीस पानं बसतात. खतखतं, वडे, मणगणं, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, आणि शेवटी काकी आग्रहाने वाढते त्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या. एका वर्षी मी सहा नेवऱ्या खाल्ल्या, पोट तट्ट फुगलं, आणि भावंडांत हसत हसत सोप्यावर आडवी झाले. त्याच चवथीच्या तिसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात दिवा न लावता डब्यापाशी उभी राहून मी जवळजवळ तेवढ्याच नेवऱ्या संपवल्या. पहिली गोष्ट मी दरवर्षी सांगते. दुसरी कित्येक वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

पहिल्याला आपण आडवा हात मारणं म्हणतो. दुसऱ्याला खा खा सुटणं म्हणतात, आणि तेच वारंवार घडू लागलं की डॉक्टर त्याला बिंज ईटिंग म्हणतात. नेवऱ्या त्याच, संख्याही जवळपास तीच. म्हणून तर घरच्यांची, आणि खाणाऱ्याचीही, गल्लत होते.

फरक ताब्याचा आहे. चवथीच्या पंगतीत कुणी बाहेरून हाक मारली असती तर मी हात धुऊन उठले असते. त्या रात्री उठायचं आहे हे कळत होतं आणि हात थांबत नव्हता. चव तर पहिल्या दोन घासांनंतर लागतच नव्हती. भराभरा खाणं, भूक नसताना खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेने लपून खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं, ही त्याची लक्षणं. अल्बर्ट स्टंकर्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1959 साली अशा खाण्याचं वर्णन केलं होतं, पण स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत त्याला जागा मिळाली ती 2013 मध्ये. ताबा सुटून असं खाणं आठवड्यातून एकदा तरी आणि सलग तीन महिने होत असेल, वर सांगितलेल्या लक्षणांपैकी किमान तीन असतील, आणि त्याचा मनाला त्रास होत असेल, तर तो आजार धरतात. ‘अधाशी’ हे त्याचं नाव नव्हे. हा शब्द मी घरात इतक्यांदा ऐकला आहे की तो कुणालाही लावला तरी मला अजून लागतो.

मात्र खरा घोटाळा होतो तो उपायात.

आडवा हात मारल्यावर दुसऱ्या दिवशी आपण पेज आणि लोणच्यावर भागवतो, रात्री कमी जेवतो. शरीर आपलं आपण ताळ्यावर येतं. हाच उपाय मी त्या रात्रींनंतरही करत असे. सकाळी फक्त चहा, दुपारी काही नाही, वर सोमवार धरलेला. उपास देवाचा होता असं मी म्हणायचे, खरं तर ती शिक्षा होती. संध्याकाळी म्हापशाहून बसने घरी येईपर्यंत हातपाय कापायचे आणि रात्री पुन्हा डबा. इच्छाशक्ती कमी पडते असं वाटायचं. तसं नसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. स्वखुशीने आलेली ही निरोगी माणसं अन्नाशिवाय दुसरा विचार करेनाशी झाली, आणि पुढे पोटभर मिळू लागल्यावर त्यांतले काही जण पोट भरलं तरी खातच राहिले. उपाशी शरीर असंच वागतं. म्हणजे जो उपाय पहिल्या खाण्याला लागू पडतो, तोच दुसऱ्याला खतपाणी घालतो.

मग करायचं काय? वेळेवर खायचं. ऐकायला साधं वाटतं, पण मला हेच सगळ्यांत जड गेलं. तीन जेवणं, मधे दोन छोटी खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांत हे घड्याळ होतंच की. सकाळी पोई (गोव्याचा पाव) नि भाजी, अकराच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज, दुपारी शीत नि हुमण (भात नि माशांची आमटी), संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की चहाबरोबर उंडो पाव, आणि रात्रीचं जेवण. आई ओरडायची, “गो, आधी पेज पी, मग काय तें काम कर.” ती पेज मी ऑफिसला लागल्यावर सोडली होती. आता डब्यातून नेते. आणि रात्री ताबा सुटलाच, तरी दुसऱ्या सकाळची पोई चुकवायची नाही. सगळ्यांत महत्त्वाचं हेच, कारण चक्र तिथेच तुटतं. (मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा.)

बाकीचे बदल लहान आहेत. बसून, ताटात वाढून खायचं, डब्यातून नाही. नेवऱ्यांवर बंदी नको. बंदी घातलेलाच पदार्थ रात्री हाका मारतो, त्यापेक्षा पाच वाजता चहाबरोबर चारचौघांत खाल्लेली बरी. झोप पुरी घ्यायची. एका वहीत लिहायचं: किती वाजता, काय, कुठे, आणि त्याआधी काय झालं होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. माझ्या वहीत दिसलं की बहुतेक रात्री घरात वादावादी झालेल्या किंवा दुपारचं जेवण हुकलेल्या होत्या. खाण्याची ओढ चढते तशी ओसरतेही, तेवढा वेळ मी सोप्यावर जाऊन बहिणीला फोन लावते.

आणखी दोन गोष्टींशी याची गल्लत करू नका. खाल्ल्यावर मुद्दाम ओकारी काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं हा वेगळा आणि जिवावर बेतू शकणारा आजार आहे, तिथे थेट डॉक्टर. आणि खरीखुरी भूकच अचानक वाढली, लोक म्हणतात तसा ‘भस्म्या’ झाला, तर साखर आणि थायरॉईड तपासून घ्या, स्टिरॉइडसारखी औषधं चालू आहेत का तेही बघा.

नुसत्या दिनचर्येने सगळ्यांचं भागत नाही. बोलण्यातून विचारांची आणि वागण्याची सवय बदलणारी उपचारपद्धती या आजारावर चांगली लागू पडते. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोविकार रुग्णालय आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जाताना ती वही सोबत न्या. तोंडाने सांगायला जमलं नाही तर नुसती उघडून पुढे ठेवा, मी तसंच केलं होतं.