गोधडीचे जोड आणि इस्त्री

"तुमचे चौकोन सारखे कापलेले नाहीत हो," अशी तक्रार घेऊन अधूनमधून एखाद्या ताई आमच्या नौपाड्यातल्या दुकानात येतात. जोड उसवून पट्टी लावली, की चौकोन कापताना बरोबर होता हे कळतं. तो ओढला गेलेला असतो इस्त्रीत. म्हणून आता तुकड्यांच्या प्रत्येक पाकिटात हा कागद घालतो आहोत. शिवायला बसण्याआधी एकदा वाचाच.

आजीच्या गोधडीत ही अडचण नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वरून ठिगळं लावायची आणि धावदोरा घालत जायचं. तुकड्याला तुकडा जोडला, की मात्र प्रत्येक जोडामागे पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, राहते. ती कोणत्या बाजूला झोपणार, हे इस्त्रीच ठरवते.

शर्टावर फिरवतो तशी इस्त्री इथे फिरवायची नाही. ठेवा, दोन-तीन सेकंद दाबा, उचला आणि पुढे ठेवा. सुती कापड तिरक्या दिशेने चटकन ताणलं जातं, त्यामुळे त्रिकोण जोडताना तर हे फारच जपा. त्रिकोणांसाठी कापड कापण्याआधीच त्याला पातळ खळ द्या. गोधडी पुरी झाली की खळ धुऊन टाका, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते.

आता एक जोड घेऊ. शिवलेली जोडी गडद तुकडा वर, शिवण तुमच्यापासून लांब अशी ठेवा. आधी ती मिटलेलीच दाबा. टाके कापडात बसतात आणि शिवणीवरची बारीक चूण निघून जाते. मग गडद तुकडा उचलून पलीकडे उलगडा, शिवणीवरून नख ओढा आणि सुलट बाजूने इस्त्री ठेवा. माया आपोआप गडद तुकड्याखाली जाते. फिकट तुकड्याखाली गेली तर गडद रंगाची रेघ वर दिसते, आणि ती धुऊन जात नाही. नखाने ओढणं कंटाळवाणं वाटेल, पण ते टाळू नका. जोड पुरता उघडला नाही तर आत घडी राहते. 12 चौकोनांच्या ओळीत 11 जोड. प्रत्येक घडीत एक मिलिमीटर गेला तरी ओळ सेंटीमीटरभर आखूड होते, आणि शेजारच्या ओळीशी जुळायचं नाव घेत नाही.

ओळी जोडताना पहिल्या ओळीची माया सगळी उजवीकडे, दुसरीची सगळी डावीकडे, तिसरीची पुन्हा उजवीकडे झोपवा. दोन ओळी समोरासमोर ठेवून जोडावर बोट फिरवा. दोन्हीकडची जाडी एकमेकींना अडली, की कोपरे आपसूक जुळतात. इथे गडद-फिकट सोडून द्यावं लागलं तरी चालेल, गडद तुकड्याची माया किंचित कमी कापा. सहा-आठ टोकं एकाच ठिकाणी येत असतील तर माया दोन्हीकडे फाकवा, नाहीतर तिथे गाठ होते आणि सुई अडते. फाकवलेल्या शिवणीवर ताण जास्त येतो, म्हणून मशीनचा टाका बारीक ठेवा. हातशिलाई असेल तर मात्र फाकवू नका, माया एका बाजूलाच घ्या.

अडीच इंची नऊ चौकोनांचा (तीन ओळींत तीन-तीन) ब्लॉक शेवटी साडेसहा इंच भरायला हवा, कारण दर जोडात अर्धा इंच मायेत जातो. दर ब्लॉकला मोजा, सगळं झाल्यावर नको.

वाफ शेवटच्या इस्त्रीपुरती ठेवा, जोडाजोडाला नको. ओलं कापड ओढ खातं. लाल आणि गर्द निळे तुकडे आधी मिठाच्या पाण्यात नव्हे, साध्या पाण्यात भिजवून बघा. रंग जात असेल तर पांढऱ्याशेजारी लावू नका. मागच्या पावसाळ्यात लाल कापडावर आम्हीच घाईत वाफ मारली आणि शेजारचे चार पांढरे तुकडे गुलाबी झाले. ते परत पांढरे झाले नाहीत.

खणाचे तुकडे वापरणार असाल तर कोपऱ्यावर आधी हलकी इस्त्री ठेवून पाहा. हल्ली बाजारात पॉलिस्टर मिसळलेला खण बराच असतो. सुती कापडाला इस्त्रीवरचे तीन ठिपके, म्हणजे साधारण 200 अंश चालतात. पॉलिस्टरला एकच ठिपका, 110 अंशांच्या आसपास, तोही वर सुती फडकं टाकून.

गादीवर इस्त्री करू नका, ती खाली दबते. टेबलावर दुमडलेलं ब्लँकेट आणि वर जुनी सुती चादर, एवढं पुरे.

कुठे अडलात तर उसवत बसू नका, ब्लॉक आहे तसाच घेऊन या. दुकानात टेबल मांडलेलं असतं, तिथेच दाखवतो. फक्त सोमवारी येऊ नका, दुकान बंद असतं.