जुन्या जॅझ रेकॉर्डसारखा आवाज हवाय? मग गिटारच्या तारा घेण्याआधी हे वाचा

दुकानात बरेच जण येतात आणि सरळ सांगतात, जॅझ वाजवायचंय, फ्लॅटवाउंडचा (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत तारांचा) सेट द्या. देतो आम्ही, विकायलाच बसलोय. पण मग मोबाईलवर एडी लँग नाहीतर जँगो राइनहार्ट, असे १९२०-३० च्या दशकातले जॅझ गिटारवाले लावून दाखवतात, म्हणतात अस्साच आवाज पाहिजे, आणि तिथे घोळ होतो. गिटारवर फ्लॅटवाउंडचं चलन वाढलं ते १९५० च्या दशकात, त्याआधी सर्रास राउंडवाउंडच, म्हणजे बोट फिरवलं की खरखर लागणाऱ्या, आणि त्याही चांगल्या जाड.

मग रेकॉर्डवर आवाज इतका गोल का येतो? निम्मं काम रेकॉर्डिंगने केलंय. १९२५ पर्यंत माइक नव्हता, रेकॉर्डिंगच्या भोंग्यासमोर बसून वाजवायचे, त्यात गिटार ऐकूच यायची नाही म्हणून बँजो असायचा. माइक आला तशी गिटार पुढे आली, फिलाडेल्फियाचा एडी लँग गिब्सन कंपनीची एल-५ गिटार घेऊन वाजवायला लागला. पण त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचं फार थोडं उतरायचं, त्यामुळे तारेची छनछन गळून जायची आणि मधला भरीव आवाज तेवढा उरायचा. म्हणून म्हणतो, नव्या कोऱ्या चकचकीत तारा टाकल्या आणि पहिल्याच दिवशी तो आवाज आला नाही तर लगेच परत घेऊन येऊ नका, थोड्या वाजवून जुन्या होऊ द्या. आणि फॉस्फर ब्रॉन्झच्या गुंडाळीच्या तारा तर बाजारात आल्या १९७४ ला, तेव्हा १९३० च्या आवाजासाठी त्या नकोत.

जाड तारा का, तर ॲम्प्लिफायर नव्हता. ड्रम आणि पितळी वाद्यांच्या गर्दीत ऐकू जायचं तर जोरात मारायला लागायचं, आणि त्याच सुरात लावायची तर जाड तार जास्त ताणावी लागते, तो ताण आणि तो फटका मिळून गिटारची वरची फळी हलवतात. काउंट बेसीच्या जॅझ बँडमधला गिटारवाला फ्रेडी ग्रीन ऐका, १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षं तिथेच, जाड तारा, उंच ॲक्शन (म्हणजे तारा पट्टीपासून उंच), आणि कॉर्ड धरली तरी कानावर येतो बऱ्याचदा चौथ्या तारेवरचा एकच सूर. आमच्या मते हाच आवाज सगळ्यात अवघड, नुसत्या तारा बदलून येत नाही, उजवा हात लागतो. यासाठी आम्ही १३ चा (सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंच) ८०/२० ब्रॉन्झ (८० टक्के तांबं, २० टक्के जस्त) देतो, तिसरी, म्हणजे जी तार गुंडाळीची असलेलाच, बिनगुंडाळीची प्लेन जी नको.

जँगोचं मात्र उलटं आहे. त्याची सेल्मर गिटार हलक्या तारांसाठीच बनवलेली, स्टीलच्या गाभ्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची गुंडाळी, म्हणून तो थोडा नाकातला, झणझणीत आवाज. १० किंवा ११ चा सेट घ्या. अशा गिटारवर १३ लावाल तर गिटार खराब कराल, प्लीज नको.

गिटारवाला चार्ली ख्रिश्चन १९३९ ला बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला तेव्हा हातात पिकअपवाली (तारांचं कंपन विजेत बदलणारी) गिब्सनची इलेक्ट्रिक गिटार ईएस-१५० होती, इथे ब्रॉन्झ उपयोगाचं नाही, कारण पिकअप लोहचुंबकाचा आणि ब्रॉन्झला चुंबक ओढत नाही, आतला स्टीलचा गाभाच काय तो वाजतो आणि वरच्या दोन प्लेन तारा एकदम अंगावर येतात. प्युअर निकेल राउंडवाउंड घ्या, १२ किंवा १३, जी गुंडाळीचीच. तरी दुसरी, म्हणजे 'बी' तार जरा ओरडतेच, गिब्सनने पुढे त्या पिकअपच्या पट्टीला 'बी' तारेखाली खाच दिली ती याच कारणाने.

आता महत्त्वाचं. १३ च्या सेटचा एकूण ताण ८० किलोच्या वर जातो. स्वस्तातली प्लायवूडची गिटार असेल तर ब्रिज (फळीवरचा तारांचा आधार) उचलला जातो, आणि नायलॉनच्या तारांची क्लासिकल असेल तर स्टीलच्या तारा लावायच्याच नाहीत, मान वाकते. शंका असेल तर गिटार घेऊन या, मान बघून सांगू. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ब्रॉन्झ दमट हवेत आणि घामाने लवकर काळं पडतं, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा.

आणि आर्चटॉप (वरची फळी कमानीसारखी फुगलेली) किंवा सेल्मरसारखी गिटार असेल तर सगळ्या तारा एकदम काढू नका, ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावरच उभा असतो, तो घसरला की सगळी गिटार बेसूर. एक काढा, एक लावा, मग दुसरी.